फ्लॉरेन्सला चित्रकला शिकायला जावं का?

चुनकाम (धागाकर्ती)

माझी भाची कोल्हापूरला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढचं शिक्षण इटलीत फ्लॉरेन्सला घ्यायचं तिच्या मनात आहे आणि घरात दोन तट पडलेत. भावजी म्हणतात, "जिथले मोठे चित्रकार जाऊन पाचशे वर्षं झाली, तिथे आजची पोरगी काय शिकणार?" मी तिथे दोन वर्षं पेंटिंग शिकले. माझं मत : जावं.

तिथे चित्र कसं केलं ते भिंतीवरच वाचता येतं. सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये चित्रकार मसाच्चोचं 'पवित्र त्रैक्य' हे भित्तिचित्र आहे, 1427 च्या सुमाराचं. यथार्थदर्शन, म्हणजे सपाट चित्रात खोली कशी दाखवायची ते, शिकवताना त्याचा फोटो आपल्याकडे हमखास दाखवतात. फोटोत जे येत नाही ते असं, की कमानीच्या भागात ओल्या गिलाव्यात ओढलेल्या रेघा अजून तशाच आहेत. चित्रकारानं आखणी कुठून कुठे केली ते त्या खाचांवरून कळतं. मला त्या पहिल्या दिवशी दिसल्या नाहीत, चौथ्या-पाचव्या खेपेला दिसल्या. चुना ओला असेतोवरच रंग धरतो, म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा घालायचा. त्या एका दिवसाच्या तुकड्याला तिकडे 'जोर्नाता' म्हणतात. दोन दिवसांमधला सांधा ओळखायला लागलात की चित्राकडे बघायची नजरच बदलते. ही नजर यायला त्या गावात राहावं लागतं, चार दिवसांच्या सहलीत ती येत नाही.

कोरा_कॅनव्हास

ताई, असहमत. मी तिथल्या एका खासगी स्टुडिओत वर्ष काढलं. नाव घेत नाही. प्लास्टरचं डोकं ईझलच्या शेजारी ठेवायचं, ठरलेल्या जागेवर मागे येऊन उभं राहायचं, दोऱ्यानं माप घ्यायचं, पुढे जाऊन कोळशानं एक खूण करायची, परत मागे. एका डोक्यावर अडीच महिने. हात बसला, नाकारत नाही. पण वर्षअखेरीला सगळ्यांची कामं भिंतीवर लावली, तर माझं कुठलं ते मला जवळ जाऊन शोधावं लागलं. त्या रात्री मी रडलो.

त्या शहराचं ओझं होतं, ते कुणी बोलत नाही. इटालियन चित्रकार मोदिल्यानी 1902 मध्ये तिथल्या नग्नचित्रणाच्या वर्गात होता, पुढच्या वर्षी व्हेनिसला गेला आणि 1906 ला पॅरिसला. त्याचं स्वतःचं काम उभं राहिलं ते पॅरिसमध्ये.

आणि भाडं! जुन्या शहरातली घरं पर्यटकांना रोजावर देण्यात मालकांना जास्त पैसा आहे. 2023 मध्ये महापालिकेनं तिथे अशी नवी घरं सुरू करायला बंदी घालायचं ठरवलं, यावरून काय ते समजा. विद्यार्थी शहराबाहेर ढकलला जातो, मग पहाटे चर्चमध्ये जाऊन रेघा बघणार कोण?

अर्धं_शिल्प

खासगी स्टुडिओ आणि सरकारी अकादमी यांत गल्लत होतेय. तिथली 'अकाडेमिया दि बेल्ले आर्ती' सरकारी आहे, फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते आणि तिथे नव्या माध्यमांचं कामही चालतं. तिची परंपरा 1563 मध्ये चित्रकार वसारीच्या पुढाकारानं निघालेल्या अकादमीपर्यंत जाते. मात्र शिकवणं इटालियनमध्ये. भाषा न शिकता जाणाऱ्याचं पहिलं वर्ष वाया जातं.

मी शिल्पवाला, म्हणून एक सांगतो. शेजारच्याच संग्रहालयात 1873 पासून मायकेलँजेलोचा मूळ डेव्हिडचा पुतळा आहे. गर्दी सगळी तिकडे. त्याच संग्रहालयात शिल्पकार बार्तोलिनीच्या प्लास्टरच्या मूर्तींचं दालन आहे. गालावर, खांद्यावर, बोटांवर बारीक काळे ठिपके दिसतात. ते खिळे आहेत! त्यांच्यावरून मापं घेऊन कारागीर संगमरवर कोरायचे. घडवणं आणि कोरणं ही दोन वेगळी कामं होती, हे मला मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात पाच वर्षांत उमगलं नव्हतं, त्या दालनात उमगलं.

पंचगंगा

कोल्हापूरकराला फ्लॉरेन्स परकं नाही. आमचे राजाराम महाराज विलायतेहून परतताना 1870 मध्ये तिथेच वारले, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आजही आहे. भाची गेलीच तर तिनं तिथे फूल वाहावं.

पण शिकायला? अजिंठा आपल्या दारात आहे. जेजेच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली 1872 पासून वर्षानुवर्षं तिथल्या नकला केल्या. तिथली पद्धत फ्लॉरेन्सपेक्षा वेगळी : माती-तुसाचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि सुकल्यावर रंग. आपली भिंत न वाचता परक्या भिंतीवर लाखो रुपये का घालायचे? आधी घरचं अक्षर गिरवू द्या.

चुनकाम

पंचगंगा, तुमचं म्हणणं लागलं, कारण ते खरं आहे. अजिंठा मी शाळेच्या सहलीत पाहिला होता, पण नीट बघितला तो फ्लॉरेन्सहून आल्यावर. रंग उडालेल्या जागी गिलाव्यातला तूस दिसला आणि मी तिथेच थबकले. उलट्या क्रमानं गेले, याची हळहळ वाटते.

कोरा_कॅनव्हास, तुमच्यावर गुदरलं ते तिच्यावर गुदरू नये, म्हणून खासगी स्टुडिओ मी बादच करते. पण ओझ्याचं पटत नाही. 4 नोव्हेंबर 1966 च्या पुरात आर्नोचं पाणी सांता क्रोचे चर्चमध्ये शिरलं आणि जुना चित्रकार चिमाबुए याच्या रंगवलेल्या क्रूसावरचा रंग मोठ्या प्रमाणात गेला. दुरुस्ती करणाऱ्यांनी गेलेला भाग मनानं रंगवला नाही. तिथे बारीक रेघांचं तटस्थ विणकाम केलं. जवळ गेलं की मूळ किती आणि नंतरचं किती, ते सरळ दिसतं. कुठे ब्रश टेकवायचा नाही, हे मी त्या क्रूसाखाली शिकले. हे कुठल्याही आजच्या चित्रकाराला लागतंच.

कोरा_कॅनव्हास

हे मान्य. पण भाचीला स्वतःला काय काढायचंय, ते कुणी विचारलं का?

चुनकाम

आज रात्री फोन करून विचारलं. ती दोन हंगाम गुऱ्हाळघरं रंगवतेय, काहिलीची वाफ आणि चुलवाणापुढे बसलेला माणूस. कॅनव्हासवर ती वाफ तिला धरता येत नाही. मामाच्या गुऱ्हाळाची एक भिंत चुन्याची आहे, धुरानं काळवंडलेली. तिला त्या भिंतीवर काढायचंय आणि ओल्या चुन्यावर रंग टिकतो कसा, ते आधी हातानं शिकायचंय. डिसेंबरात आम्ही दोघी अजिंठ्याला जातोय. इटालियनचा क्लास सोमवारपासून.