अनुभव धागा : वॉर्डात उमगलेलं अँटिबायोटिक

‘अँटिबायोटिक रेझिस्टन्स’वर टीप लिहा म्हटलं की नर्सिंगच्या सगळ्याच मुली चांगले मार्क घेतात. वॉर्डात त्याच मुलींना नातेवाइकाने विचारावं, ‘सिस्टर, इंजेक्शन लागू का पडत नाही?’ तर उत्तर येतं, ‘शरीराला सवय झालीय.’ अहो, शरीर नाही, जंतू बदलतो, तोच औषधाला दाद देईनासा होतो! हे तुम्हाला खरं कुठे उमगलं? पाठ केलेली व्याख्या नको आणि रुग्णालयाचं नावही नको.

बीएस्सी, तिसरं वर्ष
मला लॅबच्या पोस्टिंगला. आयसीयूतल्या पेशंटची लघवी, त्यात क्लेबसिएला हा जंतू. तो प्लेटवर वाढवतात आणि वर औषधांच्या पांढऱ्या चकत्या ठेवतात. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ रिंगण उरतं. टेक्निशियन दादा ते पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून ‘एस’ (औषध चालतं) की ‘आर’ (चालत नाही) ठरवतात. या प्लेटवर मेरोपेनेम या जबरी अँटिबायोटिकच्या चकतीलाही खेटून बुळबुळीत वाढ होती. दादा पट्टी न लावताच ‘आर’ लिहून मोकळे झाले. तेच मेरोपेनेम आम्ही वॉर्डात रोज चढवत होतो.

जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा), बीड जिल्हा
उपकेंद्राच्या पोस्टिंगला घरोघर फिरलो. एका आजींच्या फडताळात बिस्किटांचा डबा होता. आत कापलेल्या स्ट्रिपा, अझिथ्रो, सिप्रो ही अँटिबायोटिक्स आणि पॅरासिटामॉल, सगळं एकत्र. नातवाला सर्दी झाली की सुनेची उरलेली गोळी. ‘पावरच्या हायेत, पण उष्ण पडत्यात, म्हणून दोनच देते.’ सर्दी विषाणूची, तिथे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, पण आजींना ते पटेना. स्ट्रिपेवरची लाल रेघ दाखवली तर म्हणाल्या, ‘कंपनीची खूण असंल.’ चिठ्ठीशिवाय लाल रेघेची गोळी घेऊ नका, हे सरकार २०१६पासून सांगतंय. एका स्ट्रिपेवर तर नावही नव्हतं. तेवढा तुकडा मेडिकलवाल्याकडेच राहिलेला.

बीएस्सी, चौथं वर्ष
‘सगळ्याच मुली’ काय मॅडम, आम्ही मुलगेही आहोत वर्गात!
माझा अनुभव रात्रपाळीचा. पेशंट तापाने फणफणलेला, ऑर्डर ब्लड कल्चरची (रक्तातला जंतू बाटलीत वाढवून ओळखायची तपासणी) आणि लगेच अँटिबायोटिकची. भाऊ चिडला, ‘आधी औषध द्या, रक्त काय काढत बसलात?’ स्टाफ सिस्टर हात न थांबवता म्हणाल्या, ‘चोराचा फोटो काढते, मग पोलीस पाठवते.’ दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त, प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिली, त्याआधी बाटलीचं बूच स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं. औषध आधी गेलं की बाटलीत बहुधा काही उगवतच नाही, मग अंदाजानेच जबरी औषध चालू राहतं.

स्टाफ नर्स, नवीन
टीडीएस, म्हणजे दिवसातून तीनदा, म्हणजे नाश्ता, जेवण, जेवण नव्हे! अमॉक्सिसिलिनसारख्या औषधांची पातळी रक्तात टिकून राहावी लागते. म्हणून दर आठ तासांनी, ६-२-१०. पहाटे सहाचा डोस दिवसपाळीवर ढकलायची वृत्ती मी पाहिलीय, अजून राग येतो.

माहेर सांगली, नोकरी इंग्लंडात
इथे ४८ ते ७२ तासांनी अँटिबायोटिकचा फेरविचार लागतो. बंद करायचं, बदलायचं की शिरेतून गोळीवर आणायचं, हे केसपेपरवर लिहावं लागतं. नसेल लिहिलं तर नर्स डॉक्टरांना टोकते. आपल्याकडे राउंडला टोकून बघा! दुसरं म्हणजे, पेनिसिलिनची ॲलर्जी सांगणाऱ्या दहांतल्या साधारण नऊ जणांना तपासणीत ती निघत नाही. लहानपणी औषधाने पोट बिघडलेलं, तेच ‘ॲलर्जी’ म्हणून कायमचं चिकटलेलं असतं. मग साध्या पेनिसिलिनऐवजी वरचं, जास्त जबरी औषध मिळतं.

एएनएम (नर्सिंगचा कोर्स), पहिलं वर्ष
मॅडम, बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा असं सांगायचं ना? एक डॉक्टर म्हणाले, पाच दिवस पुरे.

धागाकर्ती
डॉक्टरांनी जेवढे दिवस लिहिले तेवढे सांगायचे. साध्या न्यूमोनियाला सुधारणा असेल तर आता पाच दिवसही पुरतात, जास्त दिवस म्हणजे जास्त चांगलं असं नाही. टीबीच्या गोळ्यांना मात्र हा हिशोब लावू नका. तिथे एक डोस जरी बुडाला तरी लगेच आरोग्य केंद्रात कळवायचं.