मदत हवी आहे: उजव्या फुफ्फुसाची धमनीच नाही म्हणतात, फुफ्फुस काढायचं का?

कृष्णाकाठ: घाईत लिहितोय. धाकट्या भावाचा सीटी झाला. उजव्या फुफ्फुसाला जाणारी मुख्य धमनी जन्मापासूनच नाही, असं रिपोर्टमध्ये आहे. छातीचे डॉक्टर म्हणाले फुफ्फुस काढावं लागेल, सोमवारपर्यंत कळवा. काढू का? नंतर माणूस शेतात राबू शकतो का? कोणाच्या घरी असं झालं असेल तर लगेच सांगा.

सुमेधा_के: दादा, वय किती? त्रास काय होतो? नुसत्या रिपोर्टवरून फुफ्फुस काढत नाहीत. काहीतरी सांगायचं राहिलंय.

कृष्णाकाठ: वय ३४. खोकल्यातून रक्त पडतं.

अण्णा_तासगाव: मग टीबीच असणार. माझ्या मेहुण्याचं असंच होतं, सहा महिन्यांचा एकेटीचा (टीबीच्या गोळ्यांचा) कोर्स केला आणि ठणठणीत झाला. आधी तो करा, मग कापाकापी.

कृष्णाकाठ: अण्णा, दोनदा झालाय तो कोर्स. २०१९ ला सहा महिने, २०२३ ला परत. दोन्ही वेळा थुंकीत जंतू सापडले नव्हते. एक्सरेत उजवी बाजू आक्रसलेली दिसते, एवढ्यावर गोळ्या चालू केल्या. नऊ किलो वजन उतरलं त्याचं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, बायकोला माहेरचे घेऊन गेले होते. आता म्हणतात टीबी नव्हताच. कोणाला जाब विचारायचा?

फिल्मवाली: मी रेडिओलॉजिस्ट आहे. तुमचा राग रास्त आहे. आपल्याकडे लहान दिसणारं फुफ्फुस बघितलं की जुना टीबी हाच विचार आधी येतो. धमनीचा हा जन्मजात दोष दोन लाखांत एखाद्याला असतो असा अंदाज आहे. पहिली नोंद १८६८ ची, तरी आजही पुष्कळ जणांचं निदान मोठेपणीच होतं.

गर्भात धमनीचा सुरुवातीचा तुकडा तयार होऊन विरून जातो. मग त्या फुफ्फुसाला महाधमनीच्या फांद्यांतून रक्त मिळतं: श्वासनलिकेच्या, बरगड्यांमधल्या, कधी डायफ्रामखालच्या. या वाहिन्यांत दाब जास्त असतो. वर्षानुवर्षं फुगत जातात आणि एखादी फुटते. ते हे रक्त.

आता मला सांगा: एका वेळी किती रक्त पडतं? इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का? त्यात फुफ्फुसाच्या धमनीतला दाब किती आला? सीटीत डाय (वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) महाधमनीत भरलेली असतानाचेही फोटो घेतलेत का? त्याशिवाय या आडवाटेच्या वाहिन्या नीट दिसत नाहीत.

विलास_पनवेल: काढूनच टाका. माझ्या मावशीचं डावं फुफ्फुस २०१६ ला काढलं, आज चार मजले चढते. निकामी अवयव आत ठेवून काय मिळवायचं?

फिल्मवाली: विलासजी, मावशींचं फुफ्फुस कशासाठी काढलं?

विलास_पनवेल: सारखा पू व्हायचा. पण काढणं ते काढणंच ना?

फिल्मवाली: नाही. इथे छातीच्या भिंतीतून पुष्कळ वाहिन्या आत शिरलेल्या असू शकतात. फुफ्फुस सोडवतानाच भयंकर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून रक्त पडत असेल तर बहुधा आधी एम्बोलायझेशन करतात. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन फुगलेल्या वाहिन्या बंद करतात. त्यालाही धोका आहे: मज्जारज्जूला रक्त देणारी फांदी चुकून बंद होता कामा नये. काही महिन्यांनी नव्या वाहिन्या फुगून पुन्हा रक्त येऊ शकतं. त्याने भागलं नाही तर ऑपरेशन. तेव्हाही आधी वाहिन्या बंद करून घेतल्या तर रक्त कमी जातं.

अण्णा_तासगाव: अडुळशाचा रस रक्तावर उत्तम. सकाळी दोन चमचे मधातून.

सुमेधा_के: अण्णा, कृपा करा. वाट बघण्यात माणूस जाईल.

डोंगरवेडा: लेह-लडाखला नेऊ नका. सगळं रक्त एकाच फुफ्फुसातून वाहतं, अशांना उंचावर फुफ्फुसात पाणी भरण्याचा धोका जास्त.

कृष्णाकाठ: लेहला कोण जातंय दादा. परवा रात्री उसाला पाणी पाजत होता. खोकला आला, बॅटरी लावून बघितलं तर पाटाच्या पाण्यात लाल धार. चहाचा अर्धा कप तरी असेल. इको झालेला नाही. रक्ताची गुठळी असेल म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या लिहून दिल्यात, कालपासून चालू आहेत.

फिल्मवाली: थांबा. हे आधी सांगायला हवं होतं. रक्त पडत असताना त्या गोळ्या घातक ठरू शकतात. पुढची गोळी देण्याआधी आत्ता डॉक्टरांना फोन करा आणि पाटातलं सांगा. अर्धा कप एकदम पडलाय, तर सोमवारची वाट बघू नका, आजच भरती करा.

गुठळीत सहसा फुफ्फुस आकाराने लहान होत नाही. इथे छातीची ती बाजूच लहान, हृदय उजवीकडे ओढलेलं आणि धमनी उगमापाशीच संपलेली, असं असेल तर जन्मजातच धरायचं. धमनीची भिंत जाड असेल किंवा दोन हातांच्या बीपीत फरक असेल तर ताकायासू नावाचा, धमन्यांना सूज आणणारा आजार वगळायला लागतो. आणि इकोत दाब जास्त आला तर काहीही काढण्याआधी हृदयात नळी घालून तो मोजावा लागतो, कारण सगळा भार डाव्या फुफ्फुसावर आहे.

विलास_पनवेल: मेडिक्लेम आहे का? जन्मजात दोष म्हटल्यावर कंपनी अडवते. अंतर्गत आणि बाह्य असे दोन प्रकार धरतात, पॉलिसीत कुठला वगळलाय ते वाचा.

सुमेधा_के: कुठे नेताय? जिथे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी (नळी घालून वाहिन्या बंद करणारे डॉक्टर) आणि छातीचे सर्जन एकाच छताखाली आहेत, असं ठिकाण बघा. जवळचं म्हणून कुठेही नको.

कृष्णाकाठ: गोळी बंद करायला सांगितली. पुण्याला निघालोय, गाडीतून लिहितोय. वाटेत परत रक्त आलं तर काय करू?

फिल्मवाली: उजव्या कुशीवर झोपवा, म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरणार नाही. उताणं ठेवू नका. आणि थेट जवळच्या मोठ्या दवाखान्यात शिरा. जुने एक्सरे घेतलेत का? २०१९ चा सुद्धा लागेल.

कृष्णाकाठ: घेतलेत. आईने दोन्ही वेळचे पलंगाच्या गादीखाली ठेवले होते. उजव्या कुशीवरच झोपलाय. कराड सोडलं.