मदत हवी आहे: टीएक्स८१झेडमधून बासऐवजी किणकिणाट येतो

खर्जवेडा
नमस्कार. गेल्या महिन्यात मी यामाहाचे टीएक्स८१झेड हे रॅकमध्ये बसवायचे जुने सिंथेसायझर मॉड्यूल विकत घेतले, आणि ते घेण्याचे एकमेव कारण म्हणजे त्यातला 'लेटली बास' हा खर्जातला आवाज. संगणकातून तो मागवला की बासऐवजी पिचक्या घंटेसारखा किणकिणाट ऐकू येतो. वायरी दोनदा बदलल्या, मिक्सरही बदलून पाहिला, काही उपयोग झाला नाही. येत्या शनिवारी ध्वनिमुद्रण आहे, तेव्हा माहितीपुस्तिका वाचण्याचा सल्ला कृपया देऊ नये. चिप गेली आहे का, एवढेच सांगावे.

मुलुंडचा ऐकीव
यंत्र कोणत्या देशातून आलेले आहे? जपानी बाजारासाठी बनलेले असेल तर ते १०० व्होल्टवर चालते, आणि आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावल्यास आवाजाचा प्रश्नच उरणार नाही. मागच्या पाटीवर काय छापले आहे ते आधी पाहावे.

खर्जवेडा
जपानचेच आहे. ट्रान्सफॉर्मर लावला आहे, ते उघडच होते म्हणून लिहिले नाही.

पडद्यामागचा
शनिवार इतका जवळ असताना या जुन्या लोखंडात जीव का अडकवता? संगणकावर डेक्स्ड नावाचे प्लगइन फुकट मिळते, तेही एफएमच आहे, म्हणजे एका लहरीने दुसरी हलवून आवाज घडवणारे. मी वर्षभर तेच वापरतो आणि एकाही श्रोत्याने तक्रार केलेली नाही.

डागडुजी
तक्रार आली नाही, कारण तुम्ही 'लेटली बास' वाजवलेला नाही. डेक्स्ड हे यामाहाच्याच १९८३ च्या डीएक्स७ या सिंथेसायझरचे अनुकरण आहे. त्यात सहा ऑपरेटर, म्हणजे लहर निर्माण करणारे घटक, असले तरी प्रत्येकाची लहर साधी साइनच असते. १९८७ च्या टीएक्स८१झेडमध्ये ऑपरेटर चारच, पण प्रत्येकाला आठ लहरींतून निवड करता येते, आणि या बासचा खरखरीत, पोकळ लाकडासारखा ठोका त्या वेगळ्या लहरींतूनच येतो. सहा मोठे आणि चार छोटे, असा हा हिशेब नाही.

मूळ प्रश्नाकडे येतो. खर्जवेडा, यंत्राच्या पडद्यावर आवाजाच्या नावाआधी कोणते अक्षर दिसते? आणि आवाज मागवता म्हणजे नेमके काय करता?

पडद्यामागचा
ऐकणाऱ्याला लहर दिसत नाही, एवढेच माझे म्हणणे होते.

श्रुतिशोधक
या यंत्राचा खरा गुण कोणीच सांगितला नाही. त्यात सप्तकाचे ७६८ भाग पाडता येतात, म्हणजे एक पायरी सुमारे दीड सेंटची (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधले अंतर शंभर सेंट). पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा जवळजवळ चौदा सेंटने चढा असतो. येथे तो नऊ पायऱ्या खाली उतरवला की सुरात बसतो. मी गेली कित्येक वर्षे रियाजाला हेच यंत्र वापरतो, आणि माझ्या मते बास हा त्याचा सर्वांत उथळ उपयोग आहे.

खर्जवेडा
मला गंधार नको, बास हवा आहे. डागडुजी, पडद्यावर आय हे अक्षर दिसते. आवाज सी गटात पंधरावा आहे आणि प्रत्येक गटात ३२ आवाज आहेत, म्हणून ३२ अधिक ३२ अधिक १५ असा हिशेब करून मी संगणकातून ७९ क्रमांक पाठवतो. आणखी एक, यंत्र बंद करून सुरू केले की आय गटातली काही नावे विचित्र चिन्हांनी भरलेली दिसतात. ते बहुधा जुनेपणामुळे असावे.

डागडुजी
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिले असते तर मुलुंडकरांचे व्होल्ट वाचले असते.

ए, बी, सी आणि डी या चार गटांतले १२८ आवाज कायमच्या स्मृतीत असतात आणि ते पुसले जात नाहीत. आय गटातले ३२ मात्र वापरणाऱ्याचे असून ते आतल्या लिथियम सेलच्या जोरावर टिकतात. तो सेल संपला आहे, म्हणून नावांत चिन्हे दिसतात. तुमचा हिशेबही चुकीच्या जागी केलेला आहे. आलेल्या क्रमांकावर कोणता आवाज लावायचा हे एक तक्ता ठरवतो, तो बदलता येतो आणि तोही त्याच स्मृतीत असतो. तुम्ही ७९ पाठवता, आणि तक्ता तुम्हाला आय गटातल्या कचऱ्यात नेऊन सोडतो. चिप ठणठणीत असावी. संगणकाची वायर काढून समोरच्या बटणांनी सी १५ वर जा आणि ऐका.

मुलुंडचा ऐकीव
माझे मत वेगळे आहे. सेल संपला हे कळल्यावर आधी तोच बदलायला हवा, झाकण काढून दहा मिनिटांचे काम आहे.

डागडुजी
सेल बोर्डाला डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेला असतो. ज्यांनी कधी डाग दिलेला नाही त्यांनी ध्वनिमुद्रणाच्या आठवड्यात झाकण उघडू नये. नंतर बदलताना त्या जागी सेलचे घर बसवून घ्यावे, म्हणजे पुढच्या वेळी डाग द्यावा लागणार नाही.

खर्जवेडा
आला! सी १५ वर पोहोचलो, पडद्यावर नाव दिसले, आणि खालचा सा दाबताच ताणलेले रबर सोडावे तसा तो आवाज बाहेर पडला. दोन आठवडे मी वायरींना दोष देत होतो. तक्त्याच्या नादी आत्ता लागत नाही, शनिवारी आवाज हातानेच निवडीन आणि सेल त्यानंतर बदलून घेईन. मनापासून आभार.

श्रुतिशोधक
अभिनंदन. आता गंधार उतरवून पाहायला हरकत नाही.

डागडुजी
सेल संपलेला असताना? तुम्ही जुळवलेले सप्तक यंत्र बंद करताच पुसले जाईल.

खर्जवेडा
माझ्या ओळीत फक्त सा आणि पंचम आहेत हो.

श्रुतिशोधक
पंचमही एक पायरी वर घ्यावा लागेल.