रविवार : फक्त हो किंवा नाही

शिरीष: रविवारी कोण कोण येतंय? फक्त हो किंवा नाही लिहा. बाकी गप्पा नंतर.

मेघा: शिरीष, एक मिनिट थांब. आधी सगळ्यांनी आपापल्या पोरांची डोकी बघा. अन्वीच्या डोक्यात उवा आहेत. परत.

मेघा: मी कोणाचं नाव घेत नाहीये.

मकरंद: म्हणजे घेणार आहेस.

मेघा: गेल्या वेळी सगळी पोरं एकाच गादीवर लोळत होती, एका उशीवर चार डोकी. मी तेव्हाच म्हटलं होतं. कोणाला तरी माहीत होतं आणि बोलले नाहीत, एवढंच म्हणणं आहे माझं.

रूपाली: मेघा, हे मला असेल तर सरळ मला म्हण. आरवच्या डोक्यात आजवर एक ऊ सापडलेली नाही. आमच्याकडे दिवसाआड केस धुतात. स्वच्छतेच्या बाबतीत मी कशी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मकरंद: ठाऊक आहे. मी एकदा बूट घालून सोफ्याजवळ गेलो होतो.

रूपाली: सोफ्याजवळ नाही. सोफ्यावर.

नितीन: मेघा, हे ग्रुपवर टाकायची गरज होती का?

मेघा: मग कुठे टाकू? घरात सांगून बघितलं.

केदार: (व्हॉइस मेसेज, ४ मिनिटं १२ सेकंद)

मकरंद: केदार, तुझ्या व्हॉइस मेसेजला मध्यंतर ठेवत जा रे.

केदार: बरं, थोडक्यात. आमच्याकडे हा प्रश्नच नाही. आमच्या चिरंजीवांचं डोकं दुपारी बारापर्यंत उशीवरून उठत नाही. त्यात काय नांदतंय ते त्यालाच माहीत.

शिरीष: मेघा-नितीन, हो धरू का? रविवार. फक्त हो किंवा नाही.

सीमा: ओपीडी चालू आहे, पटकन लिहिते. रूपाली, उवांचा आणि स्वच्छतेचा संबंध नसतो, धुतलेलं डोकं त्यांना तितकंच चालतं. ऊ उडत नाही, उड्याही मारत नाही, नुसती चालते. डोक्याला डोकं लागलं की इकडची तिकडे. कुत्र्यामांजरांकडून येत नाही. डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. तेव्हा मेघा, घरभर गाद्या उन्हात घालून दमू नकोस.

मेघा: घातल्या. सकाळीच. एकटीने.

नितीन: मला सांगितलं असतंस तर मी घातल्या असत्या.

मकरंद: नितीन, ते वाक्य मागे घे. अजून डिलीट करता येतंय.

नितीन: चुकीचं काय बोललो?

मेघा: सांगते ना. पहिल्यांदा औषध मी लावलं. नऊ दिवसांनी परत लावायचं होतं. तेव्हा मी नेमकी बाहेरगावी, म्हणून जायच्या आधी कॅलेंडरवर त्या तारखेला लाल पेनाने गोल केला. कॅलेंडर फ्रिजवर. आणि त्या फ्रिजचं दार हा माणूस रात्री अकरालासुद्धा उघडून आत बघत उभा असतो.

नितीन: गोल होता. गोलात काही लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं कोणाचा तरी वाढदिवस असेल.

मकरंद: होताच की. उवांचा.

सीमा: मकरंदचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. लिखा साधारण आठवडा ते नऊ दिवसांत फुटतात. बऱ्याच औषधांनी ऊ मरते, पण लिखा सगळ्या मरतीलच असं नाही. म्हणून सात ते नऊ दिवसांनी दुसरा हात. तो राहिला की पहिलाही फुकट गेला. औषध नको असेल तर ओल्या केसांना भरपूर कंडिशनर चोपडायचं आणि बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरायचं. १, ५, ९ आणि १३ व्या दिवशी. लांब केसांना एका वेळी वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि पोर हलणार हे धरून चाला.

केदार: आमची आजी रॉकेल लावायची.

सीमा: केदार, नको. पेट घेतं ते. हा मेसेज कोणीही पुढे पाठवू नका.

रूपाली: म्हणजे मेघा, उवा तुमच्याच घरच्या जुन्या निघाल्या. दुसरा हात राहिला, त्यातून परत आल्या. आमच्या पोरांनी दिलेल्या नाहीत. असो. मी काही रागावलेली नाही.

मेघा: ‘असो’ लिहिलंस म्हणजे रागावलीयेस.

रूपाली: ते बॅगेचं झालं तेव्हाही तू आधी माझ्याकडेच बघितलं होतंस.

मेघा: अगं ते किती जुनं! आणि बॅग तुझ्याच गाडीत निघाली होती.

रूपाली: शिरीषने ठेवली होती!

शिरीष: मला मध्ये घेऊ नका. आतापर्यंतची यादी: मकरंद हो. बाकीचे उवा.

सीमा: आणखी एक, मग मी खरंच चालले. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुटायला ४ ते ६ आठवडेही लागू शकतात. तेव्हा त्या गादीवरून कोणीच कोणावर खटला भरू नका, गादीच्या आधीपासूनही असतील. आणि रूपाली, आरव खाजवत नाही म्हणजे काही नाही असं नसतं. कानामागे आणि मानेवर, केसांच्या मुळाशी बघ. ओल्या केसांत फणी फिरवून बघ, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत पटकन.

रूपाली: (हा मेसेज हटवला आहे)

केदार: काय होतं?

मकरंद: मी वाचलाय. सांगणार नाही. मैत्री म्हणून काही असतं.

केदार: सीमा, आहेस तोवर एक विचारतो. पंधरा वर्षांचा मुलगा बारा वाजता उठतो हे नॉर्मल का?

सीमा: केदार, बाहेर चौदा पेशंट बसलेत आणि सगळे रडतायत.

केदार: फक्त हो किंवा नाही.

शिरीष: 😡

सीमा: बरं. वयात येताना शरीराचं घड्याळ उशिरावर सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, म्हणून त्यांना खरोखरच दहाला झोप येत नाही. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप हवी. शाळेच्या दिवसांत ती होत नाही, मग सुटीत वसुली. सगळाच आळस नाही तो. पण उशाशी फोन ठेवून घड्याळाच्या नावाने रडू नका.

केदार: हे त्याच्या हाती लागलं तर वकील करेल तो तुला. काल त्याला जेवायला ये म्हणून मेसेज केला. भिंतीपलीकडून नुसता अंगठा आला. मी वाट बघत बसलो. अर्ध्या तासाने विचारलं तर म्हणे, अंगठा म्हणजे ‘वाचलं’. ‘येतो’ नाही.

मकरंद: बरोबर आहे पोराचं. आमचं लग्न असंच मोडलं.

केदार: अरे...

मकरंद: जोक होता.

मकरंद: अर्धा.

गौरी: मी सहसा इथे बोलत नाही. मेघा-नितीन, तुमचं सकाळपासून वाचतेय. अॅलिसन डॅमिंजर म्हणून एक समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा २०१९ चा लेख मी मागे वाचला होता. ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेतल्यात. घर चालवायचं जे डोक्यातलं काम असतं त्याचे त्यांनी चार भाग केलेत: काय लागणार ते आधीच ओळखणं, त्यासाठी काय काय करता येईल ते शोधणं, ठरवणं, आणि मग झालं की नाही यावर नजर ठेवणं. ठरवायच्या वेळी दोघंही असतात. पहिलं आणि शेवटचं बहुतेक बाईच्या गळ्यात. तुमचा गोल त्यातलाच.

मेघा: गौरी 🙏 मी हे प्रिंट काढून त्याच फ्रिजवर लावतेय.

नितीन: लाव. आता माझंही ऐका. गाडीचं सर्व्हिसिंग, विम्याचे हप्ते, बँकेचं केवायसी, तुझ्या बाबांच्या मोबाईलमध्ये जे काही ‘आपोआप गेलं’ ते सगळं शोधून आणणं. याला कोणी लाल पेनाने गोल करत नाही. मीच ओळखतो, मीच नजर ठेवतो. त्यावर कोणी लेख लिहिलाय का?

मेघा: विमा वर्षातून एकदा. डोकं रोज असतं.

मेघा: बाबांचा मोबाईल मात्र मान्य.

नितीन: नोंद घेतली जावी.

गौरी: एक सांगू? माझ्याकडे गोल करणारी मी आणि तो बघायचा विसरणारीही मीच. गेल्या महिन्यात शाळेच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला आलं, उद्या पांढरा टी-शर्ट घालून पाठवा. घरात एकच पांढरा, तोही धुवायच्या ढिगात तळाशी. धुतला, पंख्याखाली लावला आणि बाराला उठून उलटा केला. ‘मला सांगितलं का नाहीस’ असं कोणावर तरी ओरडावंसं फार वाटलं. भांडताय ना, भांडा. ऐकायला बरं वाटतं.

रूपाली: गौरी, असा मेसेज आला की मला फोन करत जा. आरवचे तीन पांढरे आहेत, इस्त्री केलेले.

मकरंद: इस्त्री केलेले, अर्थातच.

रूपाली: मकरंद, तू गप्प बस.

शिरीष: गौरी, ते चार भाग ग्रुपला लागू होतात का? कारण पोरांची परीक्षा कधी आहे ते ओळखणं, सगळ्यांना सोयीची जागा शोधणं, ठरवणं, आणि मग तुमच्या मागे लागणं, हे चारही माझ्याकडे आहेत. गेल्या वेळी, त्याच्या आधी, आणि तंबूच्या ट्रिपलासुद्धा. तिथे पोचल्यावर ‘खुंट्या कुठेत’ हे मलाच विचारलं होतं सगळ्यांनी. मी ‘फक्त हो किंवा नाही’ टाकलं की तुम्ही हसता. ठीक आहे. पण आज सकाळपासून पाचव्यांदा विचारतोय आणि या ग्रुपात उवांना जास्त उत्तरं मिळाली.

केदार: अरे शिरीष, सॉरी राव. हो. आम्ही दोघं नक्की. चिरंजीव उठले तर तीन.

गौरी: हो. दोघं.

सीमा: हो, पण उशिरा. आणि मला कोणी कोणाचा घसा दाखवायचा नाही.

मेघा: शिरीष, खरंच सॉरी. आमचं हो लिही. अन्वीचे केस घट्ट बांधून आणेन, आणि पोरांना या वेळी एका गादीवर कोंबू नका.

सीमा: औषधाचा पहिला हात झाला की तिला शाळेलाही पाठव. घरी डांबून ठेवायची गरज नाही.

मेघा: ती खूश नाही होणार हे ऐकून.

रूपाली: सीमा, जरा पर्सनलवर बघशील का? अर्जंट नाही. थोडं अर्जंट आहे.

मकरंद: मी काही बोलत नाहीये.

रूपाली: बोलूही नकोस.

मकरंद: रविवारी मी सगळ्यांच्या पोरांशी डोकं लावून खेळीन. टक्कल असण्याचे फायदे कोणी तरी घ्यायला हवेत.

शिरीष: रूपाली? रविवार?

रूपाली: हो रे बाबा, हो.

मेघा: औषध लावायला मी आज बसणार नाहीये, मला उद्याचं प्रेझेंटेशन आहे. नितीन करणार आहे. इथे लिहिते, म्हणजे साक्षीदार राहतील.

नितीन: करतोय. औषध लावून झालं, धुऊन झालं. आता फणी.

नितीन: एक बाजू झाली.

नितीन: ती ओरडतेय की आईचा हात हलका आहे, माझा जड आहे.

मेघा: हात तेवढाच आहे. मी विंचरताना तिला मांजराची गोष्ट सांगते, म्हणून कळत नाही तिला.

नितीन: कुठल्या मांजराची?

मेघा: जिन्याखाली राहतं ते. रोज थोडी पुढे जाते गोष्ट. मागे ते लिफ्टमध्ये अडकलं होतं.

नितीन: मग सुटलं कसं?

मेघा: अजून सुटलं नाहीये. तूच बघ काय करायचं ते.

नितीन: वॉचमनने दार उघडलं असं सांगितलं. चालणार नाही म्हणे. वॉचमन गावाला गेलाय, हे आधीच ठरलंय.

केदार: वीज गेली असं सांग.

गौरी: वीज गेली तर लिफ्ट उघडेल कशी, केदार?

नितीन: लवकर सांगा कोणी तरी. मान एकदम स्थिर धरून बसलीये.