मदत हवी आहे: ग्यूदोनच्या (भातावर कांदा-बीफ) दुकानात बीफ न खाणाऱ्यांसाठी रात्री काय मागवावं?

आई-बाबा तोक्योला आलेत. दोघं मासे, अंडी, चिकन खातात. बीफ आणि पोर्क अजिबात नाही. माझी शिफ्ट उशिरा सुटते, तेव्हा आसपास योशिनोया, सुकिया नाहीतर मात्सुया या ग्यूदोनच्या साखळ्यांचीच दुकानं उघडी असतात. माणशी हजार येनच्या आत बसवायचंय.

सकाळी अडत नाही, नाश्त्याला भाजलेल्या साल्मनची थाळी मिळते. भात, मिसो सूप आणि तो खमंग तुकडा बाबांना फार आवडला. रात्रीचं काय ते कळत नाही. सुकियातला ट्यूना कच्चा, आईला जमत नाही. करी-भातात मांस दिसलं नाही तरी सॉसमध्ये मांसाचा अर्क असू शकतो, म्हणून ती बाद. अ‍ॅलर्जीचा तक्ता पाहिला, त्यात बीफ-पोर्कचे रकाने असतात, पण तेल नि भांडी वेगळी आहेत का हे त्यावरून समजत नाही. काउंटरमागे कांदा-बीफचं पातेलं सतत रटरटत असतं, त्यातलाच डाव आमच्या भाताला नको.

योशिनोयाच्या काही शाखांत चिकन कारागे (तळलेलं चिकन) मिळतं. तिथे काम केलेलं कुणी आहे का इथे? त्याचं तेल पोर्कच्या पदार्थांना वापरतात का, आणि हे जपानीत नेमकं कसं विचारायचं?