मीडियल-लॅटरल, चौथी इंटरकॉस्टल स्पेस आणि केस सांगताना होणारा गोंधळ

नवी_ईएमटी

नमस्कार. ईएमटीचा (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा) कोर्स करतेय, बारावीपर्यंत सगळं मराठी माध्यमातून झालं. प्रॅक्टिकल जवळ आलंय आणि तीन गोष्टी पक्क्या होत नाहीत. हातावर मीडियल-लॅटरल (शरीराच्या मध्यरेषेकडचं आणि बाहेरच्या बाजूचं) हमखास उलटं सांगते. ईसीजीचे छातीवरचे इलेक्ट्रोड व्ही-१, व्ही-२ लावताना चौथी इंटरकॉस्टल स्पेस (दोन बरगड्यांमधली फट) दर वेळी वेगळ्याच जागी सापडते. आणि हायपो-हायपर (कमी-जास्त), टॅकी-ब्रॅडी (वेगवान-मंद) पाठ असूनही केस सांगताना अडखळायला होतं. आकृत्या बघून झाल्या, अंगावर कसं शोधायचं ते कुणी सांगेल का?

स्प्लिंटवाला

पहिल्याचं उत्तर देतो. आपण उभे राहतो तेव्हा तळवा मांडीकडे असतो आणि अंगठा पुढे, म्हणून घोळ होतो. अॅनाटॉमिकल पोझिशनमध्ये तळवे समोर वळवलेले असतात. तसं केलं की अंगठा बाहेर जातो आणि करंगळी अंगाकडे येते. म्हणजे अंगठा लॅटरल, करंगळी मीडियल. अंगठ्याच्या बाजूचं हाड रेडियस, आणि मनगटाशी रेडियल पल्स लागते तीही त्याच बाजूला. पायात उलट: पायाचा अंगठा मीडियल, बारीक हाड फिब्युला लॅटरल. पेशंट पालथा असो की कुशीवर, ही नावं बदलत नाहीत. डावं-उजवंही नेहमी पेशंटचं. तुम्ही समोर उभ्या असाल तर तुमच्या उजव्या हाताला त्याचा डावा खांदा येतो, आणि जखम चुकीच्या बाजूला लिहिली जाते ती इथेच.

प्रॉक्झिमल-डिस्टल फक्त हातापायांना लावा. धडाजवळचं प्रॉक्झिमल, लांबचं डिस्टल. टूर्निके (रक्तस्राव थांबवायचा घट्ट पट्टा) जखमेच्या प्रॉक्झिमल बाजूला ५ ते ७ सेंमी वर, सांध्यावर कधीच नाही (जखम गुडघ्याशी असेल तर थेट मांडीवर), आणि बांधल्याची वेळ लिहायची. स्प्लिंट (मोडलेला भाग स्थिर ठेवणारा आधार) बांधण्याआधी आणि बांधल्यावर, दोन्ही वेळा डिस्टल पल्स, बोटांची हालचाल आणि स्पर्श तपासायचा. आधी लागणारी पल्स नंतर लागेनाशी झाली, तर स्प्लिंट घट्ट झालाय किंवा हाड सरकलंय. लगेच सैल करून पुन्हा बघा.

बरगडी_मोजा

चौथी स्पेस दर वेळी वेगळी सापडते कारण मोजणी कॉलरबोनपासून सुरू होते. पहिली बरगडी कॉलरबोनच्या मागे दडलेली असते, बोटाला नीट लागत नाही, आणि मग कुठली तरी फट पहिली धरली जाते.

गळ्याखालच्या खळग्यात बोट ठेवा. स्टर्नमवरून (छातीच्या मधल्या हाडावरून) सरळ खाली सरकवा. साधारण ४-५ सेंमीवर एक आडवा उंचवटा लागेल, तो स्टर्नल अँगल. दुसरी बरगडी तिथेच जोडलेली असते. बोट उजवीकडे सरकवलं की बरगडी, तिच्या लगेच खालची फट दुसरी. बोट न उचलता तिसरी बरगडी, तिसरी फट, चौथी बरगडी, चौथी फट. स्टर्नमच्या उजव्या कडेला व्ही-१, डाव्या कडेला त्याच पातळीवर व्ही-२. त्यानंतर व्ही-३ नाही, आधी व्ही-४: पाचवी फट, मिडक्लॅव्हिक्युलर लाइन (कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली येणारी रेषा). मग व्ही-२ आणि व्ही-४ च्या बरोबर मध्ये व्ही-३. व्ही-५ अँटिरिअर अॅक्सिलरी लाइनवर (काखेच्या पुढच्या कडेची रेषा) आणि व्ही-६ मिडअॅक्सिलरी लाइनवर (काखेच्या मध्याची रेषा), दोन्ही व्ही-४ च्या आडव्या पातळीत. इथे फटीचा पाठलाग करू नका. फट बाजूला जाताना वर वळते, इलेक्ट्रोडही तिच्यामागे वर जातो.

व्ही-१ आणि व्ही-२ जागेपेक्षा उंच लागले तर काय बिघडतं? व्ही-१ मध्ये आरएसआर पॅटर्न (दोन टोकांची लाट), टी वेव्ह उलटी, आर वेव्हची वाढ कमी, आणि नसलेला आजार ईसीजीत दिसू लागतो. व्ही-२ मधली पी वेव्ह खाली वळलेली दिसली तर रिपोर्ट पुढे पाठवण्याआधी इलेक्ट्रोडची जागा पुन्हा मोजा.

नवी_ईएमटी

धन्यवाद सर. निपलवरून मोजलं तर चालत नाही का? आमच्यातले बरेच जण तसंच करतात. आणि बायकांच्या बाबतीत काय?

बरगडी_मोजा

नाही. सडपातळ पुरुषात निपल साधारण चौथ्या फटीशी येतं, पण वजन आणि वयानुसार ते सरकतं, बायकांमध्ये तर भरवसाच नाही. हाड हलत नाही, म्हणून हाडावरूनच मोजा. बायकांमध्ये व्ही-४ ते व्ही-६ साठी प्रचलित पद्धत स्तनाखाली लावण्याची आहे. काय करताय ते आधी सांगा, स्तन उचलायचा तर हाताच्या मागच्या बाजूने, आणि चादरीचा आडोसा ठेवा. लाजेखातर इलेक्ट्रोड स्तनाच्या वर चिकटवून मोकळं होऊ नका.

रात्रपाळी_१०८

निपलचा उपयोग दुसरीकडे आहे. जोराने श्वास सोडल्यावर डायफ्रॅम (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) साधारण त्या पातळीपर्यंत वर येतो. त्यामुळे निपलच्या खाली चाकूची जखम असेल तर ती छाती आणि पोट दोन्हींची धरून चालायचं. ९ ते ११ या बरगड्या डावीकडे मोडल्या तर स्प्लीनचा (प्लीहेचा) विचार, उजवीकडे लिव्हरचा. पोट मऊ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

बरगडीचं आणखी एक. तिच्या खालच्या कडेला वरून खाली व्हेन (नीला), आर्टरी (धमनी), नर्व्ह (चेतातंतू) असा गठ्ठा जातो. म्हणून छातीत सुई घालायची तर ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून. ते काम डॉक्टरांचं किंवा प्रोटोकॉलमध्ये असेल तरच तुमचं, पण तोंडी परीक्षेत ‘का’ हे विचारतात.

आता केस सांगण्याबद्दल. हायपो आणि हायपर फोनवर एकसारखेच ऐकू येतात, त्यात सायरन. म्हणून शब्दाला आकडा जोडूनच बोला: ‘हायपोग्लायसीमिया, शुगर ४८’. घाईत शब्द आठवला नाही तर नुसता आकडाही चालतो, आकड्याशिवाय नुसता शब्द चालत नाही. अॅबडक्शन (अंगापासून लांब नेणं) आणि अॅडक्शनचंही (अंगाजवळ आणणं) तेच. ‘हात अंगापासून लांब नेता येत नाही’ म्हणा, कुणी मार्क कापणार नाही.

प्रौढांसाठी एवढं पाठ हवंच. पल्स १०० च्या वर टॅकिकार्डिया, ६० च्या खाली ब्रॅडिकार्डिया. श्वास २० च्या वर टॅकिप्निया, १२ च्या खाली ब्रॅडिप्निया. सिस्टॉलिक (बीपीचा वरचा आकडा) ९० च्या खाली हायपोटेन्शन. शुगर ७० च्या खाली हायपोग्लायसीमिया. डिस्प्निया मात्र आकड्यावर ठरत नाही, पेशंटला दम लागल्याचं जाणवणं म्हणजे डिस्प्निया. श्वास १८ असतानाही तो असू शकतो. श्वास मोजताना पेशंटला सांगू नका, सांगितलं की तो बदलतो. मनगटावर बोटं तशीच ठेवून छाती बघत ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. अनियमित असेल तर पूर्ण मिनिट.

नमुना बघा: ‘पुरुष, अंदाजे ४५, दुचाकी अपघात. उजव्या मांडीच्या मध्यभागी बंद फ्रॅक्चर, सूज वाढतेय. डिस्टल पल्स लागते. पल्स १२४, श्वास २८, बीपी ९०-६०, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९३. शुद्धीत, पण प्रश्नांची उत्तरं उशिरा देतोय.’ यात जड शब्द जेमतेम दोन-तीन आहेत, तरी पलीकडच्या डॉक्टरला शॉक (रक्ताभिसरण ढासळणं) कळतो. मांडीच्या एका फ्रॅक्चरमध्ये लिटरभर रक्त आतल्या आत जाऊ शकतं, त्यामुळे बाहेर थेंबही नसला तरी पल्स आणि बीपीवर नजर हवी.

स्प्लिंटवाला

एक भर. गरोदर पेशंट २० आठवड्यांच्या पुढची असेल तर सुपाइन (पाठीवर उताणी) ठेवू नका, गर्भाशयाचा भार इन्फिरिअर व्हेना कॅव्हावर (हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या मोठ्या नीलेवर) येतो आणि बीपी पडतं. डाव्या कुशीवर वळवा. मणक्याला इजा असल्याचा संशय असेल तर बोर्डसकट १५ ते ३० अंश डावीकडे कलवा. डावीकडे म्हणजे तिच्या डावीकडे.