मदत हवी आहे : एकोणपन्नास सांगितलं की पोरं 59 लिहितात

नमस्कार मंडळी, जि.प.ची दोन शिक्षकी शाळा, माझ्याकडे दुसरी-तिसरी एकाच खोलीत, मिळून 19 पोरं. गाडी अडलीय ती दुसरीच्या संख्यालेखनावर. काल पाटीवर एकोणपन्नास लिहा म्हटलं तर पाच जणांनी 59 लिहिलं, कानावर शेवटी पन्नास पडतं ना! त्रेसष्ट म्हटलं तर 36, तीन आधी ऐकू आला म्हणून तीन आधी लिहून मोकळे. पोरांना तरी काय बोलणार, आपली नावंच उलटी.

2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, साठ तीन असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झालेला, मी पण हसलेच होते, आता वर्गात तेच म्हणतेय 😅 दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे केलेत, सहा गठ्ठे तीन सुट्या मांडून साठ तीन म्हटलं की सगळे बरोबर लिहितात, पण काड्या उचलल्या आणि त्रेसष्ट म्हटलं की परत 36. एकोणचं तर विचारूच नका, पाच गठ्ठ्यांतली एक काडी काढून दाखवली, तरी एकजण म्हणतो बाई मग पन्नास कुठं लिहू?

तर आधी साठ तीन पक्कं करून मग त्रेसष्टकडे जायचं की दोन्ही सोबत? एकोणवाल्या संख्यांसाठी काही खेळ, गाणं आहे का कुणाकडे? आणि तेवढ्या वेळात तिसरीला कशात गुंतवू? व्हिडिओ नका सुचवू, दुपारी लाइट नसते.